गाळण्यापासून अहवालापर्यंत : ठाणे-कल्याण परिसरातील पिण्याच्या पाण्याची वाटचाल

जैन कथापरंपरेत ठाणे नगरीचे नाव पाण्याच्या वाटेनेच येते. धवल शेठने भर समुद्रात लोटून दिलेला श्रीपाल राजा नवपदांच्या स्मरणाने तरला आणि कोकणच्या किनाऱ्यास, ठाणा नगरीस लागला, अशी श्रद्धा आहे. टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रत स्वामींचे मंदिर या कथेमुळेच ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून भाविकांस परिचित आहे. श्रीपाल-मयणासुंदरीच्या या कथेशी जोडलेली नवपदाची ओळी दरवर्षी चैत्रात व आश्विनात येते. नऊ दिवस आयंबिलाचे तप चालते. दिवसातून एकदा तूप-तेल-दूध-गुळावाचूनचे रुक्ष अन्न आणि प्यायला केवळ उकळलेले पाणी. आयंबिल शाळेत पहाटेपासून चुलीवर चढणारी पाण्याची पातेली ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील जैन कुटुंबांतील लहान मुलांनाही ठाऊक असतात. पातेल्यातील पाणी कोठून आले, वाटेत त्याचे काय झाले आणि ते पिण्याजोगे आहे हे कोणी व कशाच्या आधारे सांगितले, याचा विचार मात्र क्वचितच होतो. हा विचारही इतिहासाचाच भाग आहे, आणि या परिसरापुरता तो बराच जुना आहे.

ठाण्याच्या पश्चिमेस डोंगरापलीकडे असलेली कान्हेरीची लेणी बौद्ध भिक्षूंची. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर त्या डोंगरावर पाण्याचा भरवसा नव्हता, म्हणून प्रत्येक लेण्याच्या अंगणाशी कातळात टाके खोदले गेले. लेखांतील प्राकृत भाषेत त्याला ‘पोढी’ किंवा ‘पानियपोढी’ म्हटले आहे. या टाक्यांच्या दात्यांत कल्याणचे लोक ठळकपणे दिसतात. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख आजही तेथे वाचता येतो. व्यापारी, सोनार, लोहार अशा मंडळींनी परधर्मी-स्वधर्मी असा भेद न पाहता पाण्यासाठी द्रव्य खर्च केले, ही या भूमीची जुनी रीत होय. पुढे गावोगावच्या विहिरी, घाट, तलाव आणि रेल्वे स्थानकांबाहेरच्या पाणपोया यांवर तीच रीत चालू राहिली व त्यांत जैन शेठ-सावकारांचा वाटा मोठा होता. या सर्व शिळांवर एक साम्य आढळते. दात्याचे नाव, गाव, कोणाच्या स्मरणार्थ, कोणत्या तिथीस, हे सर्व कोरलेले असते. पाण्याबद्दल एक अक्षरही नसते. त्या काळी त्याची गरजही नव्हती. पाणी डोळ्यांसमोर होते, ज्याने विहीर बांधली तो त्याच गावात राहत होता, आणि पाण्याची काळजी घेणे ही लिहिण्याची नव्हे तर हाताने करण्याची गोष्ट होती.

ही हाताने घेतलेली काळजी जैन घराइतकी नेमकेपणाने क्वचितच कोठे पाळली गेली असेल. कापडातून गाळलेले पाणी प्यावे ही आज्ञा मनुस्मृतीतही आहे, आणि कळशीच्या तोंडाला फडके बांधण्याची चाल महाराष्ट्रातील बहुतेक घरांत होती. जैन आचारात मात्र तिचे शास्त्र झाले. गाळण्याचे वस्त्र जाड, दुपदरी असावे. दिगंबर परंपरेत त्याचे माप ३६ अंगुळे लांब व २४ अंगुळे रुंद असे सांगितले आहे. गाळून झाल्यावर वस्त्रावर उरलेले सूक्ष्म जीव, म्हणजे जीवाणी, फेकून द्यावयाचे नाहीत. गाळलेल्या पाण्याची धार धरून ते अलगद भांड्यात उतरवावयाचे व ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत, तेही वरून न ओतता भांडे तळापर्यंत सोडून, परत करावयाचे. नदीचे जीव विहिरीत नाहीत, गोड्या पाण्याचे खाऱ्यात नाहीत. गाळलेल्या पाण्याची मुदत दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे. त्यानंतर पुन्हा गाळावयाचे. उकळलेल्या पाण्याचे नियम निराळे. श्वेतांबर परंपरेत तीन उकाळे आलेले पाणी उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार प्रहर आणि चातुर्मासात केवळ तीन प्रहर चालते. दमट हवेत पाण्यात जीवोत्पत्ती लवकर होते हे निरीक्षण या आकड्यांच्या मुळाशी आहे, हे सहज ध्यानात येते.

या आचाराचे समर्थन करताना ‘कॅप्टन स्कोर्सबी यांनी पाण्याच्या एका थेंबात ३६,४५० जीव मोजले’ असे वाक्य अनेक जैन पुस्तिकांतून छापले जाते. या आकड्याचा आधार घेण्याचे वास्तविक काही कारण नाही. थेंबागणिक आणि तलावागणिक संख्या बदलणार, आणि गाळण्याच्या बाजूने याहून कितीतरी भक्कम पुरावा उपलब्ध आहे.

तो पुरावा नारूचा. नारू हा रोग आजच्या पिढीने पाहिलेला नाही. पायाला फोड येऊन त्यातून हातभर लांबीचा, दोऱ्यासारखा जंत दिवसेंदिवस बाहेर पडत राही. काडीला गुंडाळून तो हळूहळू ओढावा लागे, तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळे. रशियन शास्त्रज्ञ अलेक्सी फेदचेन्को यांनी १८७०च्या सुमारास तुर्कस्तानात या जंताची पिल्ले पाण्यातील सायक्लॉप्स या सूक्ष्म प्राण्याच्या शरीरात वाढतात हे दाखवून दिले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात परळच्या प्रयोगशाळेत (आजच्या हाफकिन संस्थेत) डॉ. तुरखुड यांनी त्या दिशेने प्रयोग केले. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरे, जखमेतून पिल्ले पाण्यात जात, सायक्लॉप्स ती गिळी आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात रोग जाई. सायक्लॉप्स हा उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव. तो दुपदरी कापडातून सुटत नाही. भारत सरकारने १९८३ साली नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत हा रोग होता. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधणे, पाण्यात औषध टाकणे यांच्या जोडीला घरोघरी गाळण्याची कापडे वाटणे हा त्या कार्यक्रमाचा एक मुख्य उपाय होता. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतास नारूमुक्त घोषित केले. लसीविना व गोळीविना हटलेला हा रोग होय. जैन गृहिणी जीवदयेपोटी जे करत आली, तेच या देशाने आरोग्यासाठी केले.

दुसरा पुरावा बांगलादेशातील आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ रीटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मतलब भागातील ६५ खेड्यांत जुन्या सुती साडीच्या चार घड्या करून पाणी गाळावयास लावले. पटकीचे जंतू एकेकटे कापडातून पार होतात. परंतु पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांना ते चिकटलेले असतात आणि ते प्राणी कापडात अडकतात. त्या खेड्यांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटल्याचे २००३ साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी पुन्हा पाहणी केली असता ३१ टक्के स्त्रिया अद्याप पाणी गाळत होत्या. संशोधकांना हे प्रमाण समाधानकारक वाटले. ज्या समाजात ही सवय शतकानुशतके टिकली त्याला ते थोडे वाटेल, आणि सवय टिकण्यासाठी आरोग्याहून खोल काही कारण लागते हेही यातून दिसते.

मात्र या आचाराच्या मर्यादाही प्रांजळपणे नमूद केल्या पाहिजेत. कापड सायक्लॉप्स अडवते, काविळीचा विषाणू अडवत नाही. उकळणे विषाणूही मारते. पण पाण्यात विरघळलेले नायट्रेट, शिसे, फ्लोराइड, कारखान्याचे रसायन यांवर उकळण्याचा काही परिणाम होत नाही. उलट वाफ गेल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढते. गावाच्या विहिरीचे पाणी पिणाऱ्याला या रसायनांची चिंता सहसा नव्हती. ती चिंता नळाबरोबर आणि कारखान्यांबरोबर आली.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी आली व पुढील वर्षी ती कल्याणला पोहोचली. त्याच सुमारास या गावांची नगरे होऊ लागली. कल्याणची नगरपालिका १८५५ची, ठाण्याची १८६३ची. ठाण्यास मासुंद्यासारखे तलाव व विहिरी होत्या. येऊरच्या पायथ्याच्या पोखरण तलावाचे पाणी शहरास येई, आणि ‘पोखरण रस्ता’ हे नाव त्याची आठवण म्हणून उरले आहे. १८९२ साली पुरे झालेल्या तानसा तलावाचे पाणी मुंबईकडे नेणारे मोठे नळ ठाण्याच्या अंगावरून गेले. शेजारच्या मुंबईत विसाव्या शतकाच्या आरंभी हिवतापाचे डास विहिरींत वाढतात म्हणून आरोग्य खात्याने विहिरी बुजवण्याचा वा झाकण्याचा आग्रह धरला, तेव्हा पारशी, हिंदू व जैन अशा अनेकांनी धर्मकृत्यांस विहिरीचेच पाणी लागते म्हणून विरोध केला.

नळामुळे जैन आचारापुढे एक निराळाच पेच उभा राहिला. नळाच्या तोंडाला कापडी पिशवी बांधून पाणी गाळता येते, परंतु जीवाणी परत कोठे करावयाची? ज्या जलाशयातून पाणी आले तो पन्नास मैलांवर, मधे नळ, टाक्या व चाळण्या. दिगंबर मुनींच्या आहारासाठी आजही विहिरीचे पाणी आणले जाते, त्यामागे हाच विचार आहे. शहरातील सामान्य श्रावकाने मात्र तडजोड स्वीकारली. तो गाळत राहिला, उकळत राहिला, पण मूळ जलाशयाशी असलेले त्याचे नाते तुटले. या समाजाच्या पाण्याच्या इतिहासात याहून मोठा बदल दुसरा नसेल. विहीर दिसत होती तोवर तिच्याकडे जाऊन पाहता येत होते. नळ आल्यावर पाण्याविषयी कळण्याचा मार्ग एकच उरला, तो म्हणजे कोणीतरी तपासून सांगणे.

स्वातंत्र्यानंतर हे अंतर आणखी वाढले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. वागळे इस्टेट, अंबरनाथ, डोंबिवली येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. या वसाहतींसाठी महामंडळाने बारवी नदीवर धरण बांधले. ते १९७२च्या सुमारास पुरे झाले व पुढे टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढवली गेली. बारवीचे पाणी उल्हास नदीत येते, भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रातून सुटलेले पाणीही त्याच नदीत येते, आणि जांभूळ, मोहने, शहाड या पट्ट्यात निरनिराळ्या संस्था तेच पाणी उचलतात : जांभूळ येथे औद्योगिक महामंडळ, मोहिली व बारावे येथील केंद्रांसाठी कल्याण-डोंबिवली, आणि शहाड-टेमघर योजनेद्वारे ठाणे, भिवंडी व मीरा-भाईंदर. टिटवाळ्यास काळू नदीचे, ठाण्याच्या स्वतःच्या योजनेस पिसे येथून भातसा नदीचे पाणी मिळते. त्याखेरीज ठाण्याच्या काही भागास मुंबई महानगरपालिकेचे व काही भागास औद्योगिक महामंडळाचे. एकाच शहरातील दोन उपाश्रयांत दोन निरनिराळ्या नद्यांचे पाणी असू शकते आणि तेथे येणाऱ्या भाविकांस याची कल्पनाही नसते.

ज्या नदीकाठी पाणी उचलले जाते त्याच नदीकाठी लोकवस्ती व कारखाने वाढले. उल्हासनगरचा खेमाणी नाला उल्हास नदीत येऊन मिळतो ही वर्षानुवर्षांची तक्रार. पावसाळा संपल्यावर मोहन्याजवळ नदीवर पसरणारी जलपर्णी तर रेल्वेतून जाणाऱ्यासही दिसते. १९७० साली स्थापन झालेले महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ या नदीच्या पाण्याचे नमुने ठराविक ठिकाणी नियमित घेते आणि त्यांचे आकडे प्रसिद्ध करते. म्हणजे नदीची नोंद कोणालाही पाहता येते. शुद्धीकरण होऊन घरात आलेल्या पाण्याची नोंद तितक्या सहज मिळत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कल्याण-डोंबिवलीभोवतालची २७ गावे. १ ऑक्टोबर १९८३ रोजी महानगरपालिका झाली तेव्हा ती तिच्यात होती. २००२ साली वगळली गेली. १ जून २०१५ रोजी पुन्हा समाविष्ट झाली. या सर्व काळात गावांना पाणी देणारे नळ मुख्यत्वे औद्योगिक महामंडळाचेच. धरण तेच, नळ तोच. बदलत होता तो कागद. ग्रामपंचायत असताना पाण्याची जबाबदारी ग्रामसेवक, जलसुरक्षक व जिल्हा परिषदेचे आरोग्य खाते यांच्याकडे. महानगरपालिका असताना तिच्या पाणीपुरवठा व आरोग्य विभागांकडे. ग्रामपंचायतींसाठी राज्यात एक सुबोध पद्धत आहे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, असे वर्षातून दोनदा प्रत्येक गावाच्या पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते. विहिरीभोवती सांडपाणी साचते का, जलवाहिनीला गळती आहे का, ब्लीचिंग पावडरचा साठा आहे का, हे पाहून गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड टिकवणाऱ्या गावास चंदेरी कार्ड मिळते. अक्षरशत्रू माणसालाही आपल्या गावाचे कार्ड लाल आहे एवढे कळते. ही पद्धत ग्रामपंचायतींची. महानगरात वर्षाचा पाणीपुरवठा कितीही मोठा असला तरी कोण्या वॉर्डाला लाल कार्ड मिळाल्याचे ऐकिवात नाही. शहरात जाताना गावाने नळ मिळवला आणि रंग गमावला, असे म्हणावयास हरकत नाही.

महानगरपालिका पाणी तपासत नाहीत असा याचा अर्थ मुळीच नव्हे. शुद्धीकरण केंद्रात गढूळपणा व क्लोरीन यांची मोजणी रोजचीच असते, आणि आरोग्य विभागाचे कर्मचारी ठिकठिकाणच्या नळांवरून नमुने घेत असतात. ही तपासणी कशी होते हे समजून घेण्यासारखे आहे. घरात येणाऱ्या पाण्यात प्रति लिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा असा दंडक आहे; नळीतील पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो, त्यावरून तो क्षणार्धात कळतो. यालाच ‘ओटी चाचणी’ म्हणतात. अलीकडे काही ठिकाणी डीपीडी या रसायनाने गुलाबी रंगाची चाचणी करतात. जंतूंची तपासणी मात्र प्रयोगशाळेतच. निर्जंतुक बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेले असते, नळाचे तोंड तापवून पाणी घेतात, बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवतात आणि पुढे दोन-तीन दिवस जंतूंची वाढ होते की नाही ते पाहतात. १९८२ साली भारतीय शास्त्रज्ञांनी शोधलेली हायड्रोजन सल्फाइडची छोटी कुपी याहून सोपी : पाणी भरून ठेवावे, एक-दोन दिवसांत काळे पडले तर पाणी दूषित.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, जंतूंचा अहवाल हाती येईपर्यंत ते पाणी पिऊन झालेले असते. अहवाल नेहमी कालच्या पाण्याचा असतो. म्हणून सुट्या एका दाखल्याला फारशी किंमत नाही. महिन्यामागून महिना ठेवलेल्या नोंदींची मालिकाच काही सांगू शकते. दुसरी गोष्ट, बहुतेक अहवालांचा निष्कर्ष एका शब्दात असतो, ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘पिण्यास अयोग्य’. ‘योग्य’ हा शब्द जंतूंपुरता की क्षार, नायट्रेट, धातू यांसहित, हे वाचणाऱ्यास कळत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकाची २०१२ची आवृत्ती याबाबत पुरेशी स्पष्ट आहे. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जंतू एकही नसावा, विरघळलेले क्षार प्रति लिटर ५०० मिलिग्रॅमपर्यंत, पर्याय नसल्यास २,००० पर्यंत, गढूळपणा १ एकक, पर्याय नसल्यास ५, नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या आत, शिसे ०.०१ मिलिग्रॅमच्या आत. असा आकडेवार अहवाल मागणे हा नागरिकाचा अधिकार आहे. १२ ऑक्टोबर २००५ रोजी अमलात आलेल्या माहिती अधिकार कायद्याने तो पक्का झाला. महानगरपालिकांना दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण स्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो, त्यातही पिण्याच्या पाण्याच्या नमुन्यांची माहिती असते. हा अहवाल किती नागरिक वाचतात, हा प्रश्न निराळा.

परंतु सर्वांत दुर्लक्षित भाग अजून राहिलाच आहे. महानगरपालिकेची जबाबदारी व्यवहारतः मीटरपर्यंत. त्यापुढे भूमिगत टाकी, पंप, गच्चीवरील टाकी आणि मजल्यामजल्यावर उतरणारे नळ ही सोसायटीची, धर्मशाळेची, उपाश्रयाची, भोजनशाळेची स्वतःची लहानशी जलयोजनाच होय. उन्हाळ्यात पाणी कमी पडले की तिच्यात टँकरचे किंवा कूपनलिकेचे पाणी मिसळते. ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यात व डोंबिवलीभोवतालच्या नव्या वसाहतींत हे नित्याचे झाले आहे. शुद्धीकरण केंद्रातून निघालेला क्लोरीन टाकीत दोन दिवस उभ्या राहिलेल्या पाण्यात उरत नाही. झाकण तुटलेले असेल, सांडपाण्याची वाहिनी शेजारून जात असेल, तर नदीवर केलेला सारा खर्च शेवटच्या पन्नास फुटांत वाया जातो. अमेरिकेत वर्षभर २५ माणसांना पाणी पुरवणारी यंत्रणाही ‘सार्वजनिक’ समजली जाते. १९९८च्या नियमानुसार तिला दरवर्षी १ जुलैपर्यंत आपल्या ग्राहकांना पाण्याचा स्रोत, आढळलेले घटक व मानकांचा भंग झाला असल्यास त्याची माहिती साध्या भाषेत द्यावी लागते. अगदी लहान यंत्रणांना सवलत एवढीच की घरोघरी प्रत न देता अहवाल उपलब्ध आहे अशी सूचना लावली तरी चालते. तेथे स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांच्या पोस्टाच्या पेटीत हा कागद दरवर्षी पडतो. पंचवीस माणसांचा निकष येथे लावला तर बहुतेक प्रत्येक उपाश्रय त्यात बसेल.

अहवाल नसल्याने होणारा तोटा केवळ रोगराईचा नाही. कूपनलिकेचे पाणी किती जड आहे हे न कळल्याने घरोघरी आरओ यंत्रे बसतात. वास्तविक बारवी, भातसा ही पावसाच्या पाण्याची धरणे. त्यांच्या पाण्यात क्षार मुळातच कमी. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने क्षार ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आरओ यंत्रांवर बंदी घालण्याचे निर्देश दिले, ते याच कारणाने. आरओ यंत्र बरेचसे पाणी मोरीत सोडते. ज्या समाजाने ओंजळभर जीवाणी विहिरीच्या तळाशी पोहोचवण्याची दक्षता घेतली, त्याच्याच घरातून न तपासलेल्या भीतीपोटी बादल्याच्या बादल्या पाणी वाहून जावे, हे खटकल्याशिवाय राहत नाही.

टाकीत क्लोरीन घालण्याबाबत काही श्रावकांच्या मनात संकोच असतो, त्याचाही येथे विचार करणे प्राप्त आहे. हा संकोच प्रामाणिक आहे. पण जैन शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे भेद केले आहेत आणि गृहस्थाकडून प्रथम अपेक्षिला आहे तो संकल्पी हिंसेचा त्याग. पाणी उकळण्यात अप्काय जीवांची हानी होतेच. तरीही शास्त्राने ते मान्य केले, कारण एकदा अचित्त झालेल्या पाण्यात मुदतीपर्यंत पुन्हापुन्हा जीवोत्पत्ती व जीवहानी होत नाही. हाच न्याय टाकीला लावता येतो. टाकी स्वच्छ, झाकलेली व कोरडी ठेवली तर तिच्यात जीव उत्पन्नच होत नाहीत. वर्षभर न धुतलेल्या टाकीत अळ्या होऊ द्यायच्या आणि मग औषधाने मारायच्या, यात हिंसा अधिक. जयणेचा मार्ग आधी दक्षता घेण्याचा आहे.

ही दक्षता केव्हा घ्यावी याचा निर्णय पंचांगाने जणू आधीच करून ठेवला आहे. ग्रामपंचायतींची पाणी-सर्वेक्षणे पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर होतात. नवपदाच्या ओळी चैत्रात व आश्विनात येतात. आयंबिल शाळेची चूल पेटण्याआधीच्या पंधरवड्यात टाकीतील पाणी वापरून उतरू द्यावे, उरलेले गाळून काढावे, टाकी घासून वाळवावी, मग नवे पाणी घेऊन त्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावा. ओटी चाचणीची नळी व रसायन हे तर रोज वापरण्याइतके स्वस्त साधन आहे. देवसी प्रतिक्रमणाला निघालेला एखादा तरुण जाता जाता ती चाचणी करून वहीत आकडा लिहू शकेल. केंद्र सरकारच्या जलजीवन मिशनमध्ये खेडोपाडी प्रत्येक गावातील पाच महिलांना अशाच संचावर पाणी तपासण्याचे प्रशिक्षण दिले जाते. शहरातील महिला मंडळांना ते अवघड जाण्याचे कारण नाही. उपाश्रयाच्या सूचनाफलकावर चौविहाराची वेळ लिहिलेली असते. त्याखाली पाच ओळींची जागा सहज निघेल : पाणी कोणत्या योजनेचे, टाकी कोणत्या तिथीस धुतली, आज क्लोरीन किती, प्रयोगशाळेचा शेवटचा अहवाल कोणत्या तारखेचा व त्यातील आकडे काय, आणि टँकरचे पाणी घेतले असल्यास कोणत्या दिवशी. पाणपोईवरील शिळेत दात्यांची नावे आहेत तशीच राहू द्यावीत. हा फलक तिच्या शेजारी लागावा.